घरचं माणूस

अण्णा,

शनिवार, ९ फेब्रुवारी १९५७, सकाळी साडेआठ. चिंचवड स्टेशनजवळ, मुंबई रस्त्याला लागून आपली पत्र्याची शेड होती. तिच्या फाटकाबाहेर, धुळीत, तुमच्या पाच कामगारांच्या रांगेत सहावी मी बसले होते. वय सोळा. अंगावर कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट आणि त्यावर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी पूड. तुम्ही फाटक उघडून बाहेर आलात, रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा वळून बघेल अशा आवाजात मला म्हणालात, "ऊठ तिथून. संपावर बसायला आधी कामगार असावं लागतं. तुला मी कामावर घेतलेलंच नाही."

तारीख आणि वेळ आधी घातली, कारण ते तुमचंच शिकवणं. तक्रार करायची तर दिवस, वेळ, जागा आधी सांगायची, नाहीतर मालक म्हणतो असं काही घडलंच नाही. तुम्ही मालक होतात. हे वाक्य जिवंतपणी कुणी तुम्हाला ऐकवलं असतं तर तुम्ही दोन दिवस जेवला नसतात, म्हणून पुन्हा लिहिते: तुम्ही मालक होतात. पाच माणसांचे, दोन लेथचे, एका शेपिंग मशीनचे, एका ड्रिलचे, आईचे आणि माझे. शेवटच्या दोघींची गणना तुम्ही कधी केली नाहीत. हे पत्र त्याबद्दल आहे.

तुम्ही मूळचे गिरणीतले फिटर. मुंबईत एका संपात पुढे होतात म्हणून नोकरी गेली आणि आईच्या माहेरच्या ओळखीवर तुम्ही चिंचवडला आलात. तेव्हा चिंचवड म्हणजे देऊळ, नदी आणि शेतं. पिंपरीकडे फाळणीनंतर आलेल्या लोकांची वसाहत पसरत होती आणि नव्या कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. तुम्ही शेतीपंपांचे सुटे भाग करायला घेतलेत. मालक झाल्याची तुम्हाला लाज वाटायची, हे मी मान्य करते. पण लाज वाटणं वेगळं आणि मालक नसणं वेगळं. ती लाज तुम्ही पदकासारखी छातीवर लावून हिंडायचात. कामगारांनी तुम्हाला कॉम्रेड म्हणावं असा तुमचा हट्ट होता. ड्रिलवर काम करणारे मामा, चिखलीहून सायकल हाणत येणारे, त्यांना ते जमेना. ते तुम्हाला ‘कामरेड मालक’ म्हणायचे. तुम्ही दुरुस्त करायचात, ते मान डोलवायचे आणि परत तेच म्हणायचे. मला आता वाटतं, त्या सगळ्या शेडमध्ये बरोबर बोलणारा तो एकच माणूस होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

दर रविवारी सकाळी शेडमध्ये अभ्यासवर्ग. वरच्या दांड्यावरचे चामड्याचे पट्टे थांबलेले, यंत्रं गप्प, तुम्ही उलट्या खोक्यावर बसलेले आणि समोर जमिनीवर पाच जण. भिंतीवर त्या दाढीवाल्याची तसबीर. मामा आत शिरताना तिला हात जोडायचे आणि तुम्ही दर वेळी चिडायचात. आई पितळी पातेल्यात चहा घेऊन यायची, मी कप मांडायची, आणि कप मांडता मांडता मी मार्क्सवाद शिकले. समाजात मोठे वर्ग दोन, तुम्ही सांगायचात; एकाकडे साधनं, दुसऱ्याकडे फक्त हात. आणि दोघांच्या मधे लोंबकळणारा छोटा मालक. यंत्र त्याचं म्हणून तो मालक, ते यंत्र तोच चालवतो म्हणून तो मजूर. एका पायाने तो वरच्या पायरीवर चढायला बघतो, दुसरा पाय खालच्या पायरीवरून सुटत नाही. मोठं भांडवल आज ना उद्या त्याला गिळणार आणि तो कामगारांच्या रांगेत येऊन पडणार. म्हणून छोटा मालक आणि कामगार हे मित्र. "मी तुमच्यातलाच आहे," तुम्ही म्हणायचात, "फक्त जरा उशिरा येणार आहे." सगळे हसायचे. तुम्हाला वाटायचं, पटलं म्हणून हसतायत.

मला कॉन्व्हेंटमध्ये का घातलंत याचंही तुमच्याकडे शास्त्र होतं. शत्रूची भाषा आली पाहिजे, असं तुम्ही वर्गात सांगायचात. खरं कारण असं, की मुंबईच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत पत्रं पाठवावी लागायची आणि तुमचं इंग्रजी ‘डिअर सर’पाशी संपायचं. नववीपासून ती पत्रं मी लिहीत होते. खाली सही तुमची. कॉन्व्हेंटच्या मदर कडक होत्या, पण माझ्यावर त्यांचा जीव होता. पुण्यात कॉलेज चालवणाऱ्या एका सिस्टरशी त्या माझ्याबद्दल बोलून ठेवून मोकळ्या झाल्या होत्या: मार्चमध्ये मॅट्रिक झालं की जूनमध्ये हॉस्टेल आणि सायन्स. अट एकच. फेब्रुवारीतल्या प्रिलिमला जी मुलगी बसणार नाही तिला मदर मॅट्रिकला बसू देत नसत. त्या वर्षी प्रिलिम अकरा फेब्रुवारीच्या सोमवारी सुरू होणार होती. हे तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं आणि आईने एकदा.

जानेवारीअखेरच्या एका रविवारी लेथवाल्याने वर्गात हात वर केला. तो कोकणातला, तिशीचा, जिभेला धार असलेला, तुमचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. मला तो प्रसंग आजही दिसतो. मी दारात कपांचा ट्रे घेऊन उभी आहे आणि तो फार नम्रपणे बोलतो आहे.

"एक शंका होती, मालक."

"कॉम्रेड म्हण."

"कॉम्रेड, आठवड्याची सुट्टी हा कामगाराचा हक्क, असं तुम्ही मागच्या महिन्यात सांगितलंत."

"बरोबर."

"मग आज रविवारी आम्ही इथे काय करतोय?"

तुम्ही म्हणालात, हा वर्ग आहे, हे काम नव्हे. मामा मागून म्हणाले, "कामरेड मालक, बसून बसून पाठ धरतीया, ती कामातच गेली म्हना की." सगळे हसले आणि या वेळी तुम्हाला कळलं की ते कशाला हसतायत. मग लेथवाल्याने मागण्या सांगितल्या. आठ तासांचा दिवस, कारण तुमचा दिवस काम संपेपर्यंत चालायचा आणि काम काही संपत नसे. आणि रविवार पूर्ण मोकळा. म्हणजे शोषणावरचा अभ्यासवर्ग बंद करा, अशी मागणी तुमच्या कामगारांनी तुमच्याकडूनच शिकून तुमच्यापुढे ठेवली. दुसऱ्या कुणा मालकाने त्यांना हाकललं असतं. तुम्ही दुखावलात. मोठ्या कारखान्यांत जाऊन संप करा, म्हणालात. छोट्या मालकाविरुद्ध संप म्हणजे मित्राच्या पाठीत सुरा, तुम्ही धडा अर्धाच शिकलात. लेथवाला म्हणाला, उरलेला अर्धा सुट्टीत वाचू. सोमवारी सकाळी पाचही जण फाटकाबाहेर बसले.

मंगळवारी मी दप्तर घेऊन स्टेशनकडे निघाले, तेव्हा तुम्ही मला फाटकापाशी थांबवलंत. मुंबईची ऑर्डर होती: बिडाच्या फ्लँजेस, म्हणजे पाइप जोडायच्या जाड चकत्या, प्रत्येकीला चार भोकं. लेथवरचं काम झालं होतं, फक्त भोकं पाडायची राहिली होती. "दोन आठवड्यांचं काम आहे," तुम्ही म्हणालात, "तुझ्या गणितापेक्षा सोपं." मी प्रिलिमचं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "परीक्षा पुढच्या वर्षीही येते. ऑर्डर येत नाही." आवाज चढवला नाहीत. तुमचे क्रूर निर्णय तुम्ही नेहमी समजावून सांगण्याच्या सुरात घ्यायचात, त्यामुळे भांडणारा माणूस मूर्ख ठरायचा. तुम्ही माझ्या वेण्या वर बांधायला लावल्यात, पट्ट्यापासून किती लांब उभं राहायचं ते दाखवलंत, आणि माझं दप्तर खिळ्याला, त्या तसबिरीखाली, टांगलंत.

बीड तेलपाण्याशिवाय, कोरडंच भोकतात. त्याची पूड काळी, मऊ, काजळीसारखी. नाकात जाते, दातांवर बसते, पांढऱ्या ब्लाउजच्या शिवणीत जाऊन राहते. दांडा खाली ओढायचा, दाब धरायचा, चकती फिरवायची, परत दांडा. पहिल्या दिवशी माझ्या हातून दोन चकत्या वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी एकही नाही. तुम्ही खूश होतात आणि इथेच माझी कोंडी होती, ती तुम्हाला दिसली नाही किंवा दिसून तुम्ही गप्प राहिलात. मी वाईट काम केलं तर ऑर्डर रेंगाळणार आणि तुम्ही मला सोडणार नाही. मी चांगलं काम केलं तर तुम्हाला कामगारांची गरज नाही, संप मिटणार नाही, आणि तुम्ही मला सोडणार नाही. सोमवार जवळ येत होता. मी मनातल्या मनात भूमितीची प्रमेयं म्हणत भोकं पाडत होते.

बाहेर बसलेल्यांनाही माझा प्रश्न पडला होता. रोज सकाळी मी त्यांच्या समोरून आत जायची, त्यामुळे माझं काय करायचं यावर त्यांच्यात वाद चालू होता. तुम्ही त्यांना असं तयार केलं होतं, की दुसरीकडच्या कामगारांनी शिवी घातली असती तिथे हे माझा वर्ग कोणता ते ठरवत बसले. एकाचं म्हणणं, मालकाची मुलगी म्हणजे मालकवर्ग, तिला अडवा. दुसऱ्याचं म्हणणं, मग हात काळे कुणाचे होतायत? मामा म्हणाले, "आरं, पोरगी हाय ती. तिला कुनी इचारलंय का?" दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मी बाहेर पडले तेव्हा लेथवाला उठून जवळ आला. त्यांचं ठरलं होतं. "ताई, तू कामगार आहेस," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की जसं काही पंचायतीचा निकाल सांगतोय. "उद्या आत जाऊ नकोस. आमच्यात बस. ड्रिल थांबलं की मालक दोन दिवसांत खाली येतात, आणि तू सोमवारी शाळेत."

म्हणून शनिवारी सकाळी आठला मी आत न जाता त्यांच्या रांगेत बसले. त्यांनी मला जागा करून दिली, एकाने खाली पोतं घातलं. मामांनी चुन्याची डबी पुढे केली आणि मग लक्षात आल्यावर घाईने मागे घेतली. मी त्या अर्ध्या तासात जितकी ताठ बसले होते तितकी कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्येही कधी बसले नाही. मग फाटक उघडलं आणि तुम्ही ते वाक्य बोललात.

तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. बापाची बोलणी कुणाला बसत नाहीत. पण तुम्ही तिथे रस्त्याच्या कडेला उभे राहून वर्ग घ्यायला सुरुवात केलीत. मजूर कोण, असं तुम्ही त्यांनाच विचारलंत. उत्तरही तुम्हीच दिलंत: जो आपली श्रमशक्ती विकतो तो. "हिने काय विकलंय? मला विकलंय? मी हिला घास भरवतो, त्याचा करार झालाय का आमचा? ही माझ्या घरचं माणूस आहे. घरच्या माणसाचं शोषण होत नसतं, कॉम्रेड. घरच्या माणसाला मालकच नसतो." मग तुम्ही लेथवाल्याकडे बघितलंत, जसं परीक्षक हुशार मुलाकडे बघतो. "सांग, चूक आहे का?"

तो खाली बघत होता. बोटाने धुळीत रेघ ओढत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्या क्षणी पक्कं वाटत होतं की तो आता बोलेल, त्याची जीभ मला माहीत होती. तो म्हणाला, "तसं बघितलं तर शास्त्राला धरून आहे." आणि मग माझ्याकडे न बघता, "ताई, तू ऊठ. तू बसलीस तर उद्या लोक म्हणतील, हे मालकाच्या घरातलं भांडण आहे. आमचा संप नासेल." मी उठले तसं कुणीतरी पोतं ओढून घेतलं.

अण्णा, तुम्ही मला मारलं असतंत तर मी विसरले असते. तुम्ही काय केलंत ते नीट बघा. मी मालकवर्गात नव्हते, कारण माझ्याकडे काही नव्हतं. मी कामगारवर्गात नव्हते, कारण मी काही विकलं नव्हतं. दोन वर्गांच्या मधे लोंबकळणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही रविवारच्या रविवारी बोलायचात, आणि त्या माणसाच्याही खाली, कुठल्याच पायरीवर नसलेलं कुणी असू शकतं, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. त्या सकाळी दोन्ही बाजूंचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं ती मी होते. तुम्ही फाटक धरून उभे राहिलात, पाहुण्यासाठी धरतात तसं, आणि मी आत जाऊन मोटर सुरू केली.

दुपारी जेवायला गेले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिला सगळं कळलं होतं, घराची आणि शेडची भिंत एकच होती. मी तिला तुमचं वाक्य सांगितलं, कामावर घेतलेलंच नाही हे. मला वाटलं ती तुमच्यावर चिडेल, निदान माझ्यासाठी डोळे पुसेल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला तरी कधी घेतलंय?" आणि हसली. मला तेव्हा तिचा इतका राग आला की मी ताट सरकवून उठले. तिने ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच अन्न मी खाल्लं, थंड.

सोमवारी माझ्या वर्गातल्या मुली इंग्रजीचा पेपर लिहीत होत्या, आणि मी भोकं पाडत होते. मंगळवारी गणित. बुधवारी संप मिटला. तुम्ही आणि लेथवाला शेडमध्ये समोरासमोर बसलात, आईने पोहे केले, हस्तांदोलन झालं. आठ तास मान्य, रविवार मोकळा मान्य, अभ्यासवर्ग यापुढे ऐच्छिक. तुम्ही म्हणालात, हा दोन्ही बाजूंचा विजय आहे. मग तुम्ही तुमची अट सांगितलीत, अगदी हळू: दिवस आठ तासांचा झाला की पाच माणसं परवडत नाहीत, चार पुरतील. ड्रिल घरचं माणूस चालवतं. लेथवाल्याने होकारार्थी मान हलवली. मी पोह्यांच्या बश्या उचलत होते. त्या खोलीत माझं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळा समझोता माझ्या अंगावर उभा होता.

मामा आपली डबी आणि फडकं घ्यायला दुसऱ्या दिवशी आले. मी ड्रिलवर होते. मला वाटलं ते काही समजुतीचं बोलतील. म्हाताऱ्या माणसांकडून आपण उगाच अशी अपेक्षा करतो. त्यांनी मी भोकलेली एक चकती उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. "झ्याक चालीवतीस," ते म्हणाले. "आन् वर फुकट. फुकटाम्होरं आमी कुठं टिकायचं?" मग ते सायकल घेऊन गेले. परत मला ते कधी दिसले नाहीत. त्यांचा राग माझ्यावर होता, तुमच्यावर नव्हता, आणि हे तुमच्या सगळ्या शिकवणीचं फळ होतं.

आता जे लिहिते ते आईलाही माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात मी एकटीच मदरना भेटायला गेले. त्या मला ओरडल्या, माझी नखं बघितली, आणि मग दार लावून घेतलं. नियम नियम होता, पण एक वाट होती. आजारपणाचं खोटं त्यांना चालणार नव्हतं. मुलीच्या वडिलांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, की अमुक दिवस मुलीला माझ्या वर्कशॉपमध्ये काम करावं लागलं म्हणून ती येऊ शकली नाही. मग त्या माझी प्रिलिम वेगळी घेतील आणि मला मार्चला बसवतील. दोन ओळी, अण्णा. इंग्रजीत मी लिहिणार होते, नेहमीसारखी. खाली सही तुमची.

मी कागद तुमच्यासमोर ठेवला तेव्हा तुम्ही लेथचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत होतात. हात पुसून तुम्ही तो वाचायला मागितलात, मी मराठीत सांगितला. तुम्ही ‘काम करावं लागलं’ या शब्दांपाशी थांबलात. म्हणालात, घरी अडचण होती असं लिही. मी म्हटलं, मदरना ते चालणार नाही, त्यांना खरं काय ते हवंय. तुम्ही म्हणालात, "तू काम केलंस असं मी लिहून दिलं, की तू कामगार होतीस असं होतं. मग मी त्या दिवशी रस्त्यावर खोटं बोललो असं होतं. लेथवाला काय म्हणेल?" मी म्हटलं, "मग माझी परीक्षा?" तुम्ही कागद परत माझ्या हातात दिलात आणि राळेची वडी उचललीत. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं म्हणालात. मार्चमध्ये मी मॅट्रिकला बसले नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. दोन वर्षं मी त्या ड्रिलवर होते. मग पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात बायकांची भरती निघाली आणि मी तुम्हाला न विचारता गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, पूर्वी कुठे कामाला होता? मी खरं उत्तर दिलं: कुठेच नाही. त्याने ‘अननुभवी’ असं लिहिलं आणि मला पॅकिंगला बसवलं. मॅट्रिक मी नंतर बाहेरून दिली, सायन्स वगैरे राहिलंच. युनियनमध्ये मी पंचवीस वर्षं काढली, निवडून येत राहिले, आणि मला व्यवस्थापनाची कधी भीती वाटली नाही, कारण तिथला मालक लांब कुठेतरी होता आणि तो मला ‘बाळ’ म्हणत नव्हता. तुमची शेड मोठ्या भांडवलाने गिळली, हे तुमचं भाकीत मात्र खरं झालं. लेथवाल्याने भोसरीला स्वतःचं वर्कशॉप टाकलं, माणसं ठेवली, अभ्यासवर्गाच्या भानगडीत पडला नाही. तुम्ही पन्नाशीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलात, आणि मला जे ऐकून हसू आवरलं नाही ते हे, की तुम्ही तिथल्या युनियनचे सभासद झाला नाहीत. आपण तसे कामगार नाही, असं तुम्ही म्हणायचात म्हणे. गेलात तेव्हा तिथून फक्त एक सुपरवायझर आला होता. ते चार जण आले नाहीत. मी हे तुम्हाला लागावं म्हणूनच लिहिते आहे.

रिटायर झाल्यावर मी ती पुस्तकं स्वतः वाचली, शत्रूच्या भाषेत, सावकाश. तुम्ही खोटं शिकवत नव्हतात. छोटा मालक स्वतःच आपला मजूर असतो, तो स्वतःलाच पिळतो, हे सगळं त्यात आहे. पण त्यातून निघणारी गोष्ट तुम्ही वर्गात कधी सांगितली नाहीत. जो माणूस स्वतःला चौदा तास पिळतो त्याला दुसऱ्याला पिळताना पाप वाटत नाही. त्याला वाटतं, आपण जे सोसतो तेच तर मागतोय. मोठा मालक निदान हिशेबाने निर्दय असतो. छोट्या मालकाची निर्दयता घामाने भिजलेली असते, म्हणून ती पवित्र वाटते, त्याला आणि आसपासच्यांनाही. आणि बाहेरची माणसं हक्क मागायला लागली की तो घरात वळतो, कारण तिथे हक्क मागणारं कुणी नाही, तिथे फक्त माया आहे. तुम्ही माया यंत्राला जुंपलीत, अण्णा. हे मी पंचवीस वर्षं भाषणांत इतरांच्या बापांबद्दल बोलले. तुमच्याबद्दल आज पहिल्यांदा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही, ती इथे लिहून टाकते, कारण हे पत्र टपालात पडणार नाही. मला ते काम आवडत होतं. पहिल्या आठवड्यातच आवडायला लागलं. बीड आरपार गेलं की हातातला दाब एकदम सैल होतो, दांडा आपोआप खाली येतो, आणि चकतीच्या पलीकडचा उजेड भोकातून दिसतो; त्याने दर वेळी मला बरं वाटायचं, प्रिलिमच्या सोमवारीसुद्धा. पुढच्या सगळ्या नोकरीत हाताला तसं काही मिळालं नाही. मला त्या ड्रिलवरून सुटका नको होती. मला परीक्षा हवी होती, आणि मी जे करत होते त्याला काम म्हणायला हवं होतं.

म्हणून प्रश्न एकच आहे आणि त्याला फाटे फोडू नयेत. जानेवारीअखेरीपासून त्या बुधवारपर्यंत तुमच्या शेडमधल्या ड्रिलवर मी काम केलं की नाही? होय किंवा नाही, खाली सही, मराठीत चालेल. येत्या महिनाअखेरीस संध्याकाळी पाचच्या आत उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. मेल्याची सबब मी ऐकून घेणार नाही. जिवंत होतात तेव्हाही तुम्ही दिलं नाहीत. आणि तोंडी चालणार नाही, अण्णा. तोंडी तुम्ही आयुष्यभर बोललात.